तुझं खरं वजन कळव

मित्रा,

आधी एक सांग, तुझं वजन किती आहे सध्या? चेष्टा नाही करत आहे. मागच्या फोटोवरून मी ८५ धरलंय, पण फोटोत तू श्वास आत ओढून उभा होतास हे मला दिसत होतं. आकडा कपड्यांसकट, चपलांसकट हवाय. कशाला ते पुढे येईल.

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, हे कबूल. तुझे दोन मेसेज आले त्यावर मी अंगठा टाकून गप्प बसलो तेही कबूल. कारण असं काही नव्हतं, म्हणजे होतं, पण ते तुला सांगायचं म्हणजे तू हसणार, आणि फोनवर तू हसायला लागलास की मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. उजवा खांदा गेलाय, डॉक्टर म्हणाले वल्ही बंद, बाकी साखर वगैरे जिथे होती तिथेच आहे.

तर, मी होडीला मोटर लावतोय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. शपथ मला आठवते. मधल्या फळीवर उभं राहून घेतली होती आपण, होडी डुलत होती आणि तू म्हणालास ज्या होडीला मोटर ती होडी नव्हे, रिक्षा. मीच जोरात टाळी दिली होती. तात्यांनी त्यांच्या होडीला पेट्रोलचं इंजिन बसवलं तेव्हा वर्षभर आपण त्यांना 'मीटर टाका' म्हणत होतो. आता ते मला म्हणतात. रोज म्हणतात. आणि माझी तर पेट्रोलचीही नाही, बॅटरीची. आवाजसुद्धा येत नाही, त्यामुळे चोरून केल्यासारखं अजून जास्त वाटतं.

झालं काय ते सांगतो. तीन रविवारांपूर्वी भाच्याला घेऊन निघालो. तात्यांकडे एक जुनी ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळू रेटणारी बॅटरीवरची छोटी मोटर, पडून होती, ३० पौंडांची, मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळायची तसली. म्हणाले लावून बघ. लावली. काय सांगू तुला, पहिला अर्धा तास मी दुसऱ्याच जगात होतो. होडी आपली सरकतेय, ना घाम ना दम, बगळे उडत नाहीत, भाचा पाण्यात बोटं घालून बसलाय. मनात म्हटलं आपण दोघं इतकी वर्षं काय मूर्खपणा करत होतो.

पलीकडच्या काठाला पोहोचलो आणि वारा सुटला. नेहमीचा नाही, तो आपला दुपारचा, समोरून येणारा. परत निघालो तर होडी पुढे जाईना. पाचव्या स्पीडला टाकली. पंखा फिरतोय, पाणी ढवळतंय, आणि काठावरचं ते वाळकं झाड आहे तिथेच. झोत जरा कमी झाला की चार हात पुढे, झोत आला की उभी, आणि जरा तोंड वळलं की सरळ आडवी होऊन मागे. वर मागची बाजू लाटेवर उचलली गेली की पंखा हवा ओढायचा, फुर्रर्र असा आवाज यायचा आणि तेवढा वेळ ढकल शून्य. वल्ही होती, तुझ्या नियमाप्रमाणे वल्ह्याशिवाय मी अजूनही निघत नाही. वल्ही हातात घेतली, चौथ्या हिसक्याला खांद्यात असं काही झालं की डोळ्यापुढे चांदण्या. मग भाच्याने मारली. त्याला येत नाहीत, वल्हं पाण्यावर आपटतोय, गोल फिरवतोय, मी मागे बसून एका हाताने मोटरचा दांडा धरलाय आणि ओरडतोय, आणि ओरडताना माझ्या लक्षात आलं की मी अगदी मास्तरांसारखा ओरडतोय. दीड तास लागला. पोरगा काही बोलला नाही, उतरल्यावर फक्त म्हणाला मामा परत कधी जायचं. पण मी बघितले ना त्याचे हात.

त्या रात्री झोप नाही. आणि तुझी आठवण आली ती काही प्रेमाने नाही, हिशोबासाठी आली. तू असतास तर निघायच्या आधी कागद काढला असतास.

म्हणून मी काढला. बघ बरोबर आहे का. या मोटरी पौंडांत मोजतात, हॉर्सपॉवरमध्ये नाही. पौंड म्हणजे होडी दोरीने बांधून ठेवली तर मोटर किती जोराने ओढेल ती ओढ, जागच्या जागी. विकणारे एक साधा नियम सांगतात: होडी भरून जे वजन होईल त्याच्या दर १०० पौंडांना निदान २ पौंड ओढ. म्हणजे सरळ दोन टक्के, किलोत धरलंस तरी दोनच टक्के. आता आपली होडी रिकामी ९०, मी ७८, भाचा ७०, बॅटरी २८, मोटर ९, नांगर-वल्ही-लाइफ जॅकेट-डबे मिळून २५. झाले बरोब्बर ३००. दोन टक्के म्हणजे ६ किलो, पौंडांत सव्वातेरा. आणि मोटर किती, ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. दुपटीहून जास्त! नियमाने मी सुखरूप होतो. मग होडी उभी का राहिली?

दोन दिवस हेच डोक्यात. ऑफिसात एकदा साहेब काहीतरी विचारत होते आणि मी त्यांच्या पोटाकडे बघून ९५ धरत होतो.

उत्तर वाऱ्यात आहे रे. तो दोन टक्क्यांचा नियम शांत पाण्याचा आहे. वाऱ्याचं वजनाशी काही देणंघेणं नाही, त्याला दिसतं समोरून अंग किती ते. दोन माणसं बसलेली, होडीची पुढची बाजू, असं मिळून दीड चौरस मीटर धर. सेकंदाला ५ मीटरचा वारा असेल तर मागे रेटणारा जोर येतो साधारण सव्वादोन किलो, ते काहीच नाही. पण वारा दुप्पट झाला, १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, की जोर दुप्पट नाही होत, चौपट होतो. ९ किलो. आणि झोत १२ मीटरचा आला की १३ किलो. मोटर साडेतेरा! समजलं ना? सगळी मोटर वाऱ्याला थोपवण्यातच संपली, होडी पुढे न्यायला उरलं काय, अर्धा किलो. त्यातही तो साडेतेराचा आकडा नव्या बॅटरीचा, तात्यांची बॅटरी म्हणजे तात्यांपेक्षा म्हातारी, भार पडला की व्होल्टेज बसायचं. मी हा आकडा जुळलेला बघून रात्री एकटाच टाळी वाजवली. ही म्हणाली झोपा.

आता पुढची भानगड. हे कळल्यावर माझं डोकं एकदम उलट्या टोकाला गेलं. म्हटलं ८० पौंडांची घेऊ, नको ती कटकट. तुला माहितीये माझा स्वभाव, नांगर हलका पडला तेव्हा मी किती मोठा आणला होता आणि तो उचलताना काय झालं. तर ८० पौंडवाली २४ व्होल्टची असते, १२ वर साधारण ५५ पौंडांपर्यंतच जातात, त्यावर दोन बॅटऱ्या जोडाव्या लागतात, आणि शंभराच्या पुढच्यांना तीन. दोन बॅटऱ्या म्हणजे ५६ किलो शिसं आणि वरून जड मोटर, आणि हे सगळं कुठे, मागच्या फळीपाशी, जिथे आपणच फायबरचं ठिगळ मारलेलं आहे आणि तू म्हणत होतास अजून एक थर दे आणि मी म्हणालो पुरे. (तू बरोबर होतास. हे वाक्य कापून ठेव.) मी मागे बसलो की आधीच होडीचं नाक आभाळाकडे.

आणि एवढं करून वेग? काही नाही. १२ फुटी होडी, पाण्यात बुडालेली लांबी ११ फूट. त्या ११ चं वर्गमूळ काढ, १.३४ ने गुण, साडेचार नॉटच्या आसपास येतं, म्हणजे ताशी सव्वाआठ किलोमीटर. त्याच्या पुढे होडी स्वतःच केलेल्या लाटेच्या चढावर चढायला बघते आणि या मोटरींच्या पंख्याची ठेवण तेवढी धाव घेणारी नसतेच, ते हळू फिरून रेटणारे पंखे. म्हणजे ३० पौंडवाली आणि ८० पौंडवाली, शांत पाण्यात दोघींच्या पळण्यात फरक थोडाच. मोठी मोटर वेगासाठी घ्यायचीच नाही, ती वारा सुटल्यावर हातात काही शिल्लक राहावं म्हणून घ्यायची. हे तू मला कधीतरी पेट्रोलच्या इंजिनाबद्दल सांगितलं होतंस, तेव्हा मी तुला पुस्तकी म्हणालो होतो आणि आपण आठवडाभर बोललो नव्हतो. ते भांडण खरं तर दोरीवरून होतं असं तू म्हणशील. नव्हतं.

कागदावर माझा विश्वास नाही म्हणून मी प्रयोग केला, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. बसलायस ना?

तुझा तो स्प्रिंगचा वजनकाटा, पितळी तबकडीचा, जो हरवला म्हणून तू त्या चष्मेवाल्याशी कायमचं तोंड फिरवलंस, तो माझ्याकडे आहे. पहिल्यापासून. मी मासा मोजायला नेला होता, मग ठेवायचा राहिला, मग तू चिडलास, मग तू फारच चिडलास, आणि मग ते सांगायची वेळ निघूनच गेली. तू त्याला चोर म्हणालास तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि नखं बघत होतो. गेल्या आठवड्यात कपाटातून काढला, गंज घासला, ५ लिटरचा कॅन लावून बघितला, बरोब्बर ५ दाखवतो. इतक्या वर्षांनी. वस्तू चांगली होती.

तर सकाळी वारा नसताना तात्यांच्या होडीच्या मागे आपली होडी बांधली, दोरीच्या मध्ये तुझा काटा, मी पुढे पालथा पडून आकडे वाचतोय, वेगाला मोबाइलचं जीपीएस. आणि तुझ्या जागेवर २० लिटरचे चार कॅन पाण्याने भरून, डब्यासकट ८४-८५ किलो. तुझ्यापेक्षा शांत बसतात, सल्ले देत नाहीत. ताशी ४ किलोमीटरला काटा अडीच किलोवर. ५ ला चार. ६ ला साडेसहा. ७ च्या जवळ गेलो तर काटा दहाच्या पुढे उडाला आणि मी ओरडलो थांबा म्हणून, कारण तबकडी तुझी आहे. बघ ना कसं चढतं, चारपासून सातपर्यंत वेग दुप्पटही झाला नाही आणि ओढ चौपट.

मग बेरीज सोपी. झोतातला वारा १३ किलो, त्यात चालण्याच्या वेगाने घरी यायचं तर वर ४, झाले १७, आणि होडी चालायला लागली की मोटरची ती बांधलेली ओढ कमी होत जाते, म्हणून वर पाच-सात हातात हवेच. २४ किलो. ५५ पौंड म्हणजे २५. एकच बॅटरी, १२ व्होल्ट, फळीला झेपेल एवढं वजन. मी त्यावर बोट ठेवून बसलोय. ४५ ची पण असते, ती २० किलो, हलकी, तात्या म्हणतात तीच घे, वारा सुटला तर जायचंच नाही. वारा सुटला तर जायचंच नाही हे तात्या म्हणतात!

मोटरचं ठरलं तरी बॅटरीचं डोकं उठलंय. ५५ वाली पूर्ण जोरात ५० अँप खाते. माझी शंभर अँपअवरची शिश्याची, डोळे झाकून वाटतं दोन तास. नाही. तो शंभराचा आकडा वीस तासांत हळूहळू काढली तरचा, म्हणजे ५ अँपने. ५० ने ओरबाडलीस तर साठ-पासष्टच देते, प्युकर्ट नावाच्या माणसाने हे १८९७ मध्येच लिहून ठेवलंय. आणि त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर बॅटरी वर्षात मरते. म्हणजे पूर्ण जोरात अर्धा-पाऊण तास. बास. पण तेच हळू, १२ अँपवर चाललास तर साडेतीन तास. म्हणून जाताना रमतगमत जायचं आणि निम्म्याहून जास्त बॅटरी परतीला ठेवायची. गाडीची बॅटरी लावू का विचारलं तर मेकॅनिकने माझ्याकडे असं बघितलं, म्हणाला ती स्टार्टर मारायला असते, पातळ प्लेटा, अशी रिकामी केलीत तर दहा-वीस वेळांत खलास.

दुसरी लिथियमची. तेवढीच क्षमता, वजन फक्त १२ किलो, आणि जवळजवळ सगळी वापरता येते. मन तिकडेच जातंय. पण तिची एक गोष्ट मला आवडत नाही, ती शेवटपर्यंत ताठ असते आणि मग एकदम बंद. शिश्याची बिचारी आधीच कण्हायला लागते, पंख्याचा आवाज खाली येतो, आपल्याला कळतं की आता वळा. लिथियमला मीटर लावायला हवा, चार्जर वेगळा, आणि आतलं सर्किट सलग ५० अँपच्या वर सोडतं की नाही हे आधी वाचून घ्यायचं, काही नाही सोडत, ऐन वाऱ्यात खटकन बंद. तू काय घेशील? खरंच विचारतोय.

बाकी बारीकसारीक झालंय. बॅटरी मी पुढे सरकवणार आहे, म्हणजे नाक खाली येईल. पण मग वायर लांब होते आणि इथे मी चूक करणार होतो, घरात पडलेली ४ स्क्वेअरची, म्हणजे ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, वायर लावणार होतो. जाऊन-येऊन ६ मीटर, ५० अँप, तेराशे मिलिव्होल्ट वायरमध्येच गडप, ६५ वॅट नुसती गरमी! १६ स्क्वेअरची घेतली, तिच्यात तीनशेच जातात. बॅटरीपाशी ६० अँपचा ब्रेकर. दांडा ३६ इंची, कारण तात्यांचा आखूड होता म्हणून तो फुर्रर्र. आपण भरलेल्या होडीत बसून फळीच्या काठापासून पाणी मोजायचं, रिकामीत नाही, आणि पंखा निदान फूटभर खाली राहायला हवा. आणि पाच ठोक्यांच्या स्पीडवाली नाही घेत, ती हळू चालवली तरी उरलेली वीज कॉइलमध्ये जाळते. दुसऱ्या प्रकारची असते, वीज तुकड्यातुकड्याने सोडणारी, नॉब सलग फिरतो, ती घेतोय.

अरे हो, एक तुला आवडेल. या मोटरी काढल्या कोणी माहितीये? १९३४ साली अमेरिकेत फार्गो नावाच्या गावात श्मिट म्हणून एक माणूस, त्याने फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला लवचिक दांडा आणि पंखा जोडला आणि होडीला लावला. झालं. त्यातनं मिन कोटा कंपनी निघाली. आणि तू टेबलफॅनची मोटर हौदात सोडलीस तेव्हा काय झालं, फ्यूज आणि तुझ्या भुवया. थोडक्यात हुकलं तुझं.

वहिनींना नमस्कार. लेकीच्या नोकरीचं कळलं, मस्त झालं, तिला सांग काका फोन करतील, मी करणार नाही हे तिला माहीत आहे. तुझ्या बदलीचं काय झालं? घराचं छप्पर गळत होतं ते केलंस का?

भाचा रोज विचारतो मोटर कधी येणार. मी त्याला सध्या वल्ही शिकवतोय, काठाकाठाने, मी नुसता बसून. शिकतोय. उजवं वल्हं जरा जास्त ओढतो, तुझ्यासारखं, होडी डावीकडे पळते. मी काही बोलत नाही.

तर आता वजन. सगळा कागद मी परत लिहिलाय, होडी ९०, मी ७८, सामान २५, मोटर १२, बॅटरी २८, आणि त्यात एक ओळ तुझी आहे, ८५. ही म्हणाली ते येतात कुठे, चार वर्षं झाली, भाच्याचंच धरा. मी म्हटलं मोठंच माणूस धरायचं असतं, सुरक्षितता म्हणून. पण मला ती ओळ बरोबर हवी आहे. कॅनवर मी ८५ बांधले होते, तू नव्वदच्या वर गेला असशील तर दोन कॅनच्या मध्ये पाच लिटरवाला ठेवून परत ओढून बघायला लागेल.

काटा मी पोस्टाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा. चष्मेवाल्याला काय सांगायचं ते तू आणि मी मिळून ठरवू, मला एकट्याला नाही जमणार.

तुझाच,
रिक्षावाला

ता.क. ऑर्डर शनिवारपर्यंत थांबवलीय. आकडा त्याआधी.